लहान ऑफिसचा स्वतःचा डीएनएस: डीएनएसमास्क बसवा आणि सगळ्या मशीनना त्याच्याच दारात आणा

दहा-बारा कॉम्प्युटर, त्यातलं एक टॅलीचं, एक नेटवर्क प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि बॅकअपसाठी एक नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा साठवणीचा डबा. तालुक्याच्या गावातल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात साधारण एवढा पसारा असतो आणि तो सगळा आकड्यांवर चालतो. टॅली १९२.१६८.१.२०, प्रिंटर त्याच्या पुढचा, रेकॉर्डरचा आकडा कुणालाच आठवत नाही म्हणून मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी. राउटर बदलला किंवा रीसेट झाला की चिठ्ठी खोटी ठरते आणि पुढचा अर्धा दिवस ‘टॅली ओपन होईना’ यात जातो. विंडोजची मशीन एकमेकांना नावाने ओळखतात, पण लहर लागेल तेव्हा. फोन, लिनक्स आणि कॅमेरे त्या भानगडीत पडतच नाहीत.

उपाय म्हणजे नेटवर्कचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नाव विचारलं की त्याचा आकडी पत्ता सांगणारा. तो बसवायला फार वेळ लागत नाही. खरं काम त्यानंतरचं: ऑफिसातलं प्रत्येक मशीन, प्रत्येक वेळी, याच सर्व्हरला विचारतंय ना, हे बघणं. ‘बसवलं, पण कधी चालतं कधी नाही’ अशी तक्रार येते तेव्हा सॉफ्टवेअर बहुधा ठीकच असतं. मशीन भलत्याच कुणाला तरी विचारत असतं. म्हणून या लेखातही बसवण्यापेक्षा त्या वळवण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

डीएनएसमास्कच का

सायमन केली यांचं डीएनएसमास्क हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. डीएनएस आणि डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणं) ही दोन्ही कामं ते एकट्याने करतं आणि जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही (पुढे नुसता ‘पाय’) निवांत चालतं. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेल्या राउटरमध्ये मुळातच हे असतं. पाय-होल या जाहिराती अडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटातही याचाच कोड आहे. जाहिराती अडवणं हा तुमचा मुख्य हेतू असेल तर सरळ पाय-होल घ्या, हा लेख सोडून द्या. बाइंड हे नावाजलेलं डीएनएस सॉफ्टवेअर खरं, पण दहा नावांसाठी त्याच्या झोन फायली सांभाळणं म्हणजे उगीच डोक्याला ताप.

एक सूचना आधीच. खाली आज्ञा, फायलींची नावं आणि सेटिंगच्या ओळी देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरून लिहा. डीएनएसमास्क हा एकच शब्द आहे आणि त्याचं शेवटचं अक्षर क्यू.

नाव आणि मशीन ठरवा

घरगुती नेटवर्कला .लोकल हे शेपूट लावायचा मोह अनेकांना होतो. ते टाळा. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. ॲपलची उपकरणं आणि बरीच लिनक्स मशीन .लोकल दिसलं की सर्व्हरला न विचारता नेटवर्कवर हाळी देतात. .देव वगैरे कानाला बरी वाटणारी शेपटंही नकोत. .देव हे खरंखुरं सार्वजनिक डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतात. घरासाठी होम.आर्पा हे शेपूट २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलेलं आहे. खासगी वापरासाठी .इंटर्नल हे शेपूट आयकॅन या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये राखीव केलं. ऑफिसचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं उपडोमेन सगळ्यात उत्तम, कारण पुढेमागे आतल्या सर्व्हरना रीतसर सर्टिफिकेट घेता येतात. या लेखात कचेरी.इंटर्नल धरून चालू.

मशीन कुठलंही चालेल, पण ते चोवीस तास सुरू राहणारं आणि वायरने जोडलेलं हवं. वायफायवरचा डीएनएस सर्व्हर म्हणजे सततची किरकिर. त्याला पक्का पत्ता द्या, इथे १९२.१६८.१.१०. हा पत्ता मशीनवरच बसवा, राउटरच्या आरक्षणावर सोडू नका. पुढे डीएचसीपीचं कामही याच्याकडेच आलं तर स्वतःचा पत्ता मागायला ते जाणार कुणाकडे? रास्पबेरी पायच्या २०२३ नंतरच्या आवृत्त्यांत नेटवर्कमॅनेजर असतो. तिथे एनएमटीयूआय या आज्ञेने साध्या पडद्यावर हे करता येतं: पत्ता १९२.१६८.१.१०/२४, गेटवे १९२.१६८.१.१. डीएनएसच्या जागी सध्या राउटरचाच पत्ता राहू द्या, कारण पॅकेज उतरवायचं आहे.

बसवणं, आणि उबंटूची अडवणूक

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल डीएनएसमास्क बाइंड९-डीएनएसयुटिल्स

दुसरं पॅकेज डिग या तपासणीच्या आज्ञेसाठी आहे.

डेबियन लिनक्स आणि रास्पबेरी पायवर इथे सहसा काही अडत नाही. उबंटू लिनक्सवर मात्र सेवा सुरू होताना ‘पोर्ट ५३ आधीच वापरात’ अशी लाल ओळ दिसते. घाबरू नका. सुडो एसएस -एलएनपी चालवलंत तर १२७.०.०.५३ या पत्त्यावर सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा उबंटूचा स्वतःचा नावं सोडवणारा ठाण मांडून बसलेला दिसेल. पुढे दिलेली बाइंड-डायनॅमिक ही ओळ घातली की दोघं एका मशीनवर नांदू शकतात. तरीही मी त्याला उठवतो, कारण सर्व्हरनेसुद्धा एकाच ठिकाणी विचारलेलं बरं.

/ईटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फ उघडा. त्यात डीएनएसस्टबलिसनर ही ओळ पाउंड चिन्ह लावून बंद ठेवलेली सापडेल. चिन्ह काढा, यसच्या जागी नो करा आणि सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड चालवा. या ओळीत मोठी अक्षरं आहेत तशीच राहू द्या. नंतर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ बघा. ही खरी फाइल नसून दुवा असतो. दुवा पुसून त्या नावाची साधी फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: नेमसर्व्हर १२७.०.०.१. या फाइलच्या नावात रिझॉल्व्हच्या शेवटी ई हे अक्षर नाही, हे विसरू नका.

हे सगळं पॅकेज उतरल्यावर करा, आधी नाही. नाहीतर नावं सोडवणारं कुणीच उरत नाही आणि एपीटीला इंटरनेट सापडत नाही.

सेटिंगची फाइल

मूळ डीएनएसमास्क.कॉन्फला हात लावू नका. ती वाचायला उत्तम आहे, प्रत्येक पर्यायाचं स्पष्टीकरण तिथेच आहे. आपली फाइल वेगळी करा: /ईटीसी/डीएनएसमास्क.डी/कचेरी.कॉन्फ.

इंटरफेस=ईटीएच०
बाइंड-डायनॅमिक
डोमेन-नीडेड
बोगस-प्रिव्ह
नो-रिझॉल्व्ह
सर्व्हर=९.९.९.९
सर्व्हर=१४९.११२.११२.११२
नो-होस्ट्स
ॲडन-होस्ट्स=/ईटीसी/कचेरी.होस्ट्स
एक्स्पांड-होस्ट्स
डोमेन=कचेरी.इंटर्नल
लोकल=/कचेरी.इंटर्नल/
कॅश-साइझ=१०००

ईटीएच०च्या जागी तुमच्या वायरच्या कार्डाचं नाव येईल. आयपी ए या आज्ञेने ते कळतं, पीसीवर बहुधा ईएनपी३एस०सारखं काहीतरी असतं.

डोमेन-नीडेडमुळे नुसतं ‘टॅली’ असं टिंबाशिवायचं नाव बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवलं जात नाही. बोगस-प्रिव्हमुळे १९२.१६८ सारख्या खासगी पत्त्यांच्या उलट्या चौकशा (पत्ता देऊन नाव विचारणं) घरातच थांबतात. लोकलची ओळ सगळ्यात महत्त्वाची. कचेरी.इंटर्नलमधलं नाव माहीत असेल तर उत्तर, नसेल तर ‘असं काही नाही’, पण बाहेर चौकशी नाही. नो-रिझॉल्व्ह म्हणजे बाहेर कुणाला विचारायचं ते फक्त या फाइलमधून घ्या. इथेही शेवटी ई नाही.

बाहेरच्या सर्व्हरच्या दोन्ही ओळी क्वाड९ या सार्वजनिक डीएनएस सेवेच्या आहेत आणि ते मुद्दाम आहे. एक ओळ क्वाड९ची आणि दुसरी क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ची असं मिश्रण बऱ्याच ठिकाणी दिसतं. क्वाड९ घातक डोमेन अडवतं, १.१.१.१ अडवत नाही. डीएनएसमास्क दोन्हींपैकी जो सर्व्हर हाती लागेल आणि चालू असेल त्याला विचारतं. म्हणजे संरक्षण आहे की नाही हे नशिबावर. कुणाचीही सेवा घ्या, पण दोन्ही पत्ते एकाचेच ठेवा.

कॅशची, म्हणजे लक्षात ठेवलेल्या उत्तरांची, मुळातली मर्यादा १५० नावांची आहे. आजकाल एकेक वेबसाइट वीस-तीस डोमेनना हात लावते, तेव्हा १००० ठेवलेलं बरं. मेमरीला त्याने काही फरक पडत नाही.

आता नो-होस्ट्स कशाला? डीएनएसमास्क मुळात मशीनची /ईटीसी/होस्ट्स फाइल वाचतं आणि तीच नावं नेटवर्कला सांगतं. डेबियन घराण्यातल्या मशीनवर त्या फाइलमध्ये १२७.०.१.१ या पत्त्यासमोर मशीनचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं. पायचं नाव ‘डीएनएस’ ठेवलंत आणि शेजारच्या टेबलावरून त्याला पिंग केलंत, तर उत्तर मिळतं १२७.०.१.१. हा पत्ता विचारणाऱ्या मशीनचाच असतो, त्यामुळे लिनक्सवर पिंग यशस्वीही होतो! सगळं ठीक दिसतं आणि काहीच चालत नाही. म्हणून होस्ट्स फाइल बाजूला ठेवून आपली स्वतंत्र यादी करायची. /ईटीसी/कचेरी.होस्ट्समध्ये:

१९२.१६८.१.१ राउटर
१९२.१६८.१.१० डीएनएस
१९२.१६८.१.२० टॅली
१९२.१६८.१.२१ प्रिंटर
१९२.१६८.१.२२ कॅमेरा
१९२.१६८.१.२३ नॅस

शेपूट लिहायची गरज नाही, ते एक्स्पांड-होस्ट्स जोडतं. टॅलीच्या मशीनचं विंडोजमधलं नाव आणि इथलं नाव एकच ठेवा. शेअर केलेला फोल्डर वेगळ्या नावाने उघडायला गेलं की विंडोज कधीकधी आडमुठेपणा करतं.

सुरू करण्याआधी फाइल तपासा. डेबियनमध्ये नुसतं --टेस्ट दिलं तर ते मूळ फाइल तपासतं, तुमची नाही. म्हणून:

सुडो डीएनएसमास्क --टेस्ट --कॉन्फ-फाइल=/ईटीसी/डीएनएसमास्क.डी/कचेरी.कॉन्फ

‘सिंटॅक्स चेक ओके’ आलं की सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डीएनएसमास्क. पायवर एनएमटीयूआयमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी आता १२७.०.०.१ करा.

तीन पायऱ्यांत तपासणी

पहिली, सर्व्हरवरच: डिग @१२७.०.०.१ टॅली.कचेरी.इंटर्नल. इथे उत्तर नसेल तर सेटिंग चुकलं आहे. दुसरी, दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरचा पत्ता देऊन. विंडोजवर एनएसलुकअप टॅली.कचेरी.इंटर्नल १९२.१६८.१.१०. पहिली पास आणि दुसरी नापास म्हणजे फायरवॉल किंवा इंटरफेसची ओळ. तिसरी, तीच आज्ञा पत्ता न देता. दुसरी पास आणि तिसरी नापास असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, मशीन दुसऱ्याच दारात जातंय. कुठे शोधायचं हे या तीन पायऱ्या सांगतात, त्यामुळे त्या गाळू नका.

एनएसलुकअप सुरुवातीला ‘सर्व्हर: अननोन’ म्हणत असेल तर कचेरी.होस्ट्समध्ये सर्व्हरची स्वतःची ओळ राहिली आहे. ती घातली की तिथे नाव दिसू लागतं. बाहेरचं एखादं डोमेन डिगने लागोपाठ दोनदा विचारा. पहिल्यांदा क्वेरी टाइम काही मिलिसेकंद असतो, दुसऱ्यांदा शून्य. कॅश चालते आहे.

क्रोममध्ये नुसतं ‘कॅमेरा’ टाइप केलं तर तो गूगलवर शोधायला जातो. नावापुढे तिरकी रेघ द्या, म्हणजे ‘कॅमेरा/’.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू वापरत असाल तर:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ५३

यात यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडतात आणि दोन्ही लागतात, कारण मोठी उत्तरं टीसीपीने येतात. राउटरवर मात्र ५३ पोर्ट बाहेरून आत कधीही फॉरवर्ड करू नका. उघडा डीएनएस सर्व्हर दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरला जातो, आणि तो काही तासांत हुडकलाही जातो.

सगळ्यांना या दारात आणणं

मशीन कुणाला विचारणार हे डीएचसीपी ठरवतं. सोपा मार्ग म्हणजे राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १९२.१६८.१.१० टाकणं. राउटरच्या इंटरनेट म्हणजे वॅन बाजूचा डीएनएस बदलून उपयोग नाही. तिथे बदललं तर मशीन राउटरलाच विचारत राहतात.

तिथे दुसरी चौकट असते, सेकंडरी डीएनएस. ती रिकामी ठेवायला जिवावर येतं आणि माणूस गूगलचा ८.८.८.८ भरून टाकतो, ‘आपला बंद पडला तर असू दे’ म्हणून. हे करू नका. दुसरा पत्ता म्हणजे स्टेपनी नाही. पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं. काही प्रणाली तर एकदा दुसऱ्याकडे गेल्या की तिथेच रमतात. ८.८.८.८ला कचेरी.इंटर्नल माहीत असणं शक्यच नाही, तो ‘असं नाव नाही’ म्हणून ठणकावून सांगतो, आणि हे मशीनच्या दृष्टीने पूर्ण, अंतिम उत्तर असतं. परत पहिल्याला विचारायचं कारण उरत नाही. सकाळी टॅली सापडते आणि दुपारी सापडत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. दुसरा पत्ता हवाच असेल तर दुसऱ्या पायवर याच दोन फायली टाकून त्याचा पत्ता द्या. एकच असेल तर चौकटीत तोच पत्ता दोनदा भरा किंवा ती रिकामी सोडा.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही चौकट बरेचदा कुलूपबंद असते. मग डीएचसीपीच डीएनएसमास्ककडे घ्या. कचेरी.कॉन्फमध्ये भर:

डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.१.१००,१९२.१६८.१.१९९,१२एच
डीएचसीपी-ऑप्शन=ऑप्शन:राउटर,१९२.१६८.१.१
डीएचसीपी-ऑथोरिटेटिव्ह

राउटरची ओळ विसरलात तर डीएनएसमास्क गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता वाटतं आणि सगळ्या ऑफिसचं इंटरनेट बंद. डीएनएस म्हणूनही ते स्वतःचाच पत्ता देतं, पण ते आपल्याला हवंच आहे. फायरवॉलमध्ये ६७ हा यूडीपी पोर्ट उघडा, मात्र त्या नियमात १९२.१६८.१.०/२४ची अट घालू नका. पत्ता मागणाऱ्या मशीनला अजून पत्ताच नसतो, ते ०.०.०.० म्हणून येतं. आधी राउटरचा डीएचसीपी बंद करा, मगच हा सुरू करा. एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी म्हणजे कुणाला कुठला पत्ता मिळेल याचा नेम नाही. विंडोजवर आयपीकॉन्फिग /रिलीझ, मग /रिन्यू केलं की नवा पत्ता येतो.

प्रिंटरसारख्यांना कायमचा पत्ता द्यायचा तर मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा नंबर) धरून डीएचसीपी-होस्टची ओळ लिहा: मॅक, आयपी, नाव, मध्ये स्वल्पविराम. फोनच्या बाबतीत यावर विसंबू नका, ते वायफायला खोटा मॅक दाखवतात.

आता पळवाटा. सगळ्यात चकवणारी आयपीव्ही६, म्हणजे लांब पत्त्यांची नवी पद्धत. राउटर आयपीव्ही६ वाटत असेल तर तो नेटवर्कवर जी दवंडी पिटतो तिच्यासोबत स्वतःचा डीएनएस पत्ताही जातो. तुम्ही आयपीव्ही४मध्ये सगळं चोख केलं तरी मशीन त्या पत्त्याला विचारतं. आयपीकॉन्फिग /ऑलमध्ये डीएनएस सर्व्हर्ससमोर एफई८० किंवा २४०० अशा सुरुवातीचा लांबलचक पत्ता दिसला तर चोर सापडला. राउटरमध्ये आयपीव्ही६चा डीएनएस बंद करता किंवा बदलता येतो का बघा. तिथेही कुलूप असेल तर मी कंपनीच्या राउटरमागे स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर लावतो. मग डीएनएसमास्क त्यातच असतं आणि पायचीही गरज उरत नाही.

दुसरी पळवाट फोनची. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस आहे. तो ऑटोमॅटिकवर असेल तर चालतं. कुणी जाहिराती टाळायला तिथे एखाद्या सेवेचं नाव टाकलं असेल तर तो फोन आपल्या सर्व्हरला विचारतच नाही. फायरफॉक्सची डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ही सोयही तशीच. ऑफिसच्या मशीनवर ती बंद करा, पाहुण्यांच्या फोनच्या मागे लागू नका.

पुढची देखभाल

नवं नाव घातलं तर कचेरी.होस्ट्स बदलून सुडो सिस्टमसीटीएल रीलोड डीएनएसमास्क पुरतं. कचेरी.कॉन्फ बदलली तर मात्र रीस्टार्टच लागतो, रीलोडमध्ये ती फाइल पुन्हा वाचली जात नाही. काही सापडेनासं झालं की लॉग-क्वेरीज ही ओळ घाला आणि जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क -एफ लावून बघा. कुठल्या मशीनने काय विचारलं, कुणी उत्तर दिलं, सगळं समोर येतं. काम झालं की ती ओळ काढा. एसडी कार्ड झिजतं हे एक, आणि कुणी कुठल्या साइट बघितल्या याची वही ऑफिसात ठेवायचं काही कारण नाही.

डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासणं, चालू करायचा विचार असेल तर पायच्या घड्याळाकडे लक्ष द्या. पाय ४ आणि त्याआधीच्यांत बॅटरीवरचं घड्याळच नाही. वीज जाऊन आली की वेळ मागे पडते, सह्या ‘मुदतीबाहेर’ ठरतात, आणि वेळ आणायला ज्याचं नाव सोडवावं लागतं तो टाइम सर्व्हरही त्यामुळे सापडत नाही. त्यासाठी डीएनएसएसईसी-टाइमस्टॅम्प हा पर्याय आहे. पण दहा मशीनच्या ऑफिसात मी हे काम क्वाड९वर सोडतो, ते तपासूनच उत्तरं देतं.

पाय आणि राउटर दोघांनाही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा. भारनियमनात एसडी कार्डं बिघडतात. सुरक्षेची अपडेट चालू ठेवा. २०२१ मध्ये डीएनएसपूक नावाने डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी जाहीर झाल्या, त्या २.८३ या आवृत्तीत बुजवल्या गेल्या. डेबियन अशा दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच घालून देतं, त्यामुळे नुसता आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नका, एपीटी अपग्रेड वेळेवर होतोय एवढं बघा. कचेरी.कॉन्फ आणि कचेरी.होस्ट्स या दोन फायलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, नॅसवर ठेवलीत तरी पेनड्राइव्हवर ठेवाच. आणि राउटरचा डीएचसीपी परत कसा सुरू करायचा हे एका कागदावर लिहून राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवा, म्हणजे पाय बंद पडला आणि तुम्ही गावाला असलात तरी ऑफिसातलं कुणीही इंटरनेट चालू करू शकेल.